तात्यांची पाथरी

आमच्या शेजारच्या तात्यांकडे गेलात, तर पाण्याच्या तांब्याआधी हातावर पान पडायचं. विड्याचं नव्हे, पाथरीचं, त्या कडसर रानभाजीचं. ते चावून खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नसे. गॅसवाला, मीटर बघणारा, गणपतीची वर्गणी मागणारी पोरं, सगळी या परीक्षेला बसलेली. तोंड वाकडं करणाऱ्याला तात्या एवढंच म्हणायचे, "शहरातला दिसतुय."

तात्या एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. जुळे सोलापूर भागातल्या आमच्या कॉलनीत आम्ही सगळ्यांनी अंगणात फरशी घातली, तात्यांनी फाटकापाशी चटईएवढा मुरूम उघडा ठेवला. सांगोल्याकडच्या त्यांच्या गावचा माळ प्लॉट पाडायला सपाट होत होता, त्या दिवशी जेसीबी थांबवून त्यांनी ही पाथरी मुळासकट उकरून आणली होती. भुईला चिकटलेली पानं, पिवळी फुलं, पान मोडलं की पांढरा चीक. "बाळंतिणीला द्या, म्हशीला द्या, दूध वाढतंय," हे ते बिनलग्नाच्या पोस्टमनलाही बजावत.

पान तोडायचं, मूळ हलवायचं नाही, कारण "मूळ ऱ्हायलं की परत फुटतंय." आणि पाणी तर अजिबात घालायचं नाही. "माळाचं लेकरू हाय ते. लाड केलं की मरतंय." माझ्या बायकोनं एकदा बादलीतलं उरलेलं पाणी तिथं ओतलं, तर तात्या आठवडाभर आमच्याकडे चहाला फिरकले नाहीत.

एवढी राखण चालायची ती थोरल्या बहिणीसाठी. ही अक्का बार्शीला लेकाकडे असते. दोघांनी लहानपणी त्या माळावर शेरडं राखली, दुपारची भाकरी पाथरीशी खाल्ली. आता लेकाच्या शेताचे बांध तणनाशकानं चकाचक. म्हणून दर गुरुवारी तात्या ओल्या फडक्यात पानं बांधून बार्शीची गाडी पकडत.

या उन्हाळ्यात अक्कानं अंथरूण धरलं. अन्न जाईना. पाथरी असली तर कशीबशी चतकोर भाकरी खायची. पानं कमी पडू लागली. एका सकाळी तात्या हातात झारी घेऊन मुरमापाशी उभे दिसले. मला बघून म्हणाले, "ऊन लई हाय की." मग ते रोजचंच झालं. थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडली आणि मूळ अलगद हातात आलं, कुजलेलं. साऱ्या कॉलनीला दटावणारा माणूस मायेपायी चुकला. मला फार हळहळ वाटली.

त्या गुरुवारी ते मंडईतला मुळ्याचा कोवळा पाला फडक्यात बांधून गेले. संध्याकाळी परतले ते आमच्याच पायरीवर बसले.

"खाल्लं का अक्कांनी?" मी विचारलं.

"समदं खाल्लं. म्हणली, आपल्याच माळावरची हाय, लई ग्वाड."

"मग बरं झालं."

"कसलं बरं? जन्म गेला तिचा पाथरी खाण्यात. तिला कळणार न्हाय व्हय?" तात्या फडक्याची घडी घालत राहिले. "निघताना हात धरला माजा. म्हणली, आता पानं नगं आणू. तू नुसता येत जा."