दातांच्या डॉक्टरांचा हसरा फोटो

"फोटो काढायचा म्हणजे काय दाढ काढायची आहे? बसायचं, समोर बघायचं, उठायचं! दहा मिनिटांत परत येतो बघ!" असं बायकोला ठणकावून सांगत दातांचे डॉक्टर फोटो स्टुडिओत निघाले. बायकोचा त्या दहा मिनिटांवर काडीचाही विश्वास नव्हता. ती चपला घालून त्यांच्या आधी बाहेर पडलीसुद्धा.

फोटोची गरज आहे, हे मात्र डॉक्टरांनाही पटलं होतं. दवाखान्याच्या पाटीवर जो जुना फोटो होता, त्यात ते दाढच काय, अख्खा जबडा उपटून नेतील असे दिसत. मुलं पाटीखाली यायची, वर बघायची आणि भोकाड पसरून आईला समोरच्या दवाखान्यात ओढत न्यायची. तिथल्या नव्या डॉक्टरीणबाई पाटीवर गोड हसत होत्या ना! वाईट याचं, की डॉक्टरांचा खरा जीव मुलांतच होता. दुधाचा दात न रडवता काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. असंच चाललं तर उरलेला जन्म कवळ्या बसवण्यात जाणार, या विचाराने त्यांना घास गोड लागत नव्हता.

फोटोग्राफर भरघोस दाढीचा आणि स्वभावाने अगदी मऊ होता. त्याने चहा दिला, मंद गाणी लावली, कॅमेरा स्टँडवर चढवला आणि रिमोट हातात घेऊन कॅमेऱ्यापुढे, डॉक्टरांच्या समोरच स्टुलावर बसला.

"घाई नाही, डॉक्टर. आपण नुसत्या गप्पा मारायच्या. एकदम रिलॅक्स! काही दुखणार नाही!"

झालं! डॉक्टरांनी खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले. गेली पंचवीस वर्षं इंजेक्शन पाठीमागे लपवून ते स्वतः हेच म्हणत आले होते. यापुढे काय होतं, ते त्यांना नाही तर कोणाला ठाऊक असणार?

"खांदे सैल सोडा."

"सोडलेत!"

"अहो, कानाला लागलेत ते!" बायको कोपऱ्यातून म्हणाली.

"बरं, सुट्टीतला एखादा छान दिवस आठवा."

"सुट्टी घेतलीच नाही कधी."

"हे मात्र खरं हं," बायको म्हणाली.

पाऊण तास गेला. ऐंशी फोटो झाले. ऐंशींतही डॉक्टरांचा चेहरा असा, की आता यांचीच दाढ निघतेय! शेवटी फोटोग्राफरने एक विनोद सांगितला. डॉक्टर ढिम्म. तो स्वतःच मान मागे टाकून खो खो हसला.

"थांबा!" डॉक्टर ताडकन उठले. "आ करा!"

"अं?"

"आ करा म्हणतोय ना!"

डॉक्टरांनी एका हाताने स्टुडिओचा दिवा खाली ओढला, दुसऱ्या हाताने दाढीसकट हनुवटी धरली आणि वाकून पाहिलं.

"आहाहा! खालची, उजवीकडची, शेवटची! आडवी उगवलीय, वरून किडलीय, शिवाय शेजारणीला रेटतेय! काय दाढ आहे हो!"

फोटोग्राफरचं तोंड अडकलं होतं, हात मोकळा होता. त्याने रिमोटचं बटण दाबलं. क्लिक! क्लिक! क्लिक!

फोटो असा उतरला, की बघणाऱ्याने हरखून जावं. डोळे चमकताहेत, गाल फुललेत, चेहऱ्यावर माया नुसती ओसंडतेय. खाली आलेलं फोटोग्राफरचं डोकं कापलं आणि नवी पाटी लागली. पहिल्याच आठवड्यात चार मुलं आपल्या पायांनी आत आली. एकीने तर "हसणारे डॉक्टर हेच ना?" म्हणून खात्रीही करून घेतली. डॉक्टरांना स्वर्ग दोन बोटं उरला.

बायको मात्र पाटीखाली बराच वेळ उभी होती. आत येऊन म्हणाली, "अहो, इतक्या वर्षांत माझ्याकडे बघून एकदा तरी असे हसलात? आणि त्या दाढीवाल्याच्या किडक्या दाढेवर एवढं प्रेम!"

डॉक्टर गडबडले. मग अगदी मनापासून म्हणाले, "अगं, पण तुझे दात पहिल्यापासून चांगले! त्यात बघण्यासारखं आहे काय?"

आपण बायकोचं कौतुकच केलं, असं डॉक्टर अजूनही सगळ्यांना सांगतात. बायकोला सोडून.