नडगीतली सभा

१९९४ सालच्या मार्गशीर्षात, थंडी नुकती पडू लागली होती तेव्हा, माझ्या उजव्या नडगीच्या जखमेतले जंतू बोलू लागले.

जखम कोयत्याची होती. मी सोसायटीत छत्तीस वर्षं हेडशिपाई होतो, त्यामुळे सभेचं कामकाज मला कळतं. हजार जंतू हजर झाले की पाय नासवायचा ठराव मांडायचा, असं त्यांचं ठरलं होतं. तोवर ते एकमेकांना हाका मारून हजेरी घेत. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

तक्रार वेगळी होती. माझी बायको अनसूया स्टूल घेऊन माझ्या पायाशी बसायची आणि त्यांच्याशी गप्पा मारायची. मला ती "जेवायला या" एवढंच म्हणे. त्यांना मात्र माहेरचं सगळं सांगे, वर हसे.

"पाय माझा आहे," मी एकदा म्हणालो.

"शिपाई, हलू नका," जंतू म्हणाले. "वहिनी बोलतायत."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातल्या शिंगटेबाईंकडे गेलो. त्यांनी आंबेहळदीतला एक पदार्थ काढून, त्यात हवे ते फेरफार करून मलम बनवलं होतं.

"यानं जंतू मरणार नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांना एकमेकांचं ऐकू येणार नाही. प्रत्येकाला वाटेल, आपण एकटेच आहोत. एकटा जंतू काही करत नाही."

"आणि माझ्या बायकोचं बोलणं?"

"त्यावर अजून काम झालेलं नाही."

घरी येऊन मी मलम लावलं. तोवर ते बाराशे झाले होते, फक्त हजेरी मोजून व्हायची राहिली होती. हाका थांबल्या. मग एकानं विचारलं, "वहिनी, कितीजण आलेत?"

अनसूयेला आकडा ठाऊक होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. विनवण्या करायची मला सवय नाही.

"कोणी नाही आलं रे," ती म्हणाली. "तू एकटाच आहेस."

दुसऱ्यानं विचारलं. त्यालाही तिनं तेच सांगितलं. तिसऱ्याला तिनं 'बाळा' म्हटलं, ते मला आवडलं नाही. असं बाराशे वेळा सांगता सांगता तिचा आवाज बसला.

पंधरा दिवसांत जखम भरली. अनसूया स्टूल उचलून आत नेऊ लागली.

"राहू दे," मी म्हणालो. "बस."

ती बसली. संक्रांतीपर्यंत मी तिच्याशी रोज बोललो आणि बाराशे वाक्यं पुरी केली. उपकार फिटले.