चौथ्या मजल्यावरचे बुडबुडे

गॅसचा दाब दाखवणाऱ्या तबकडीवरचा काटा पाचावर थरथरत होता. रोझविटाने चष्मा सारखा करून पुन्हा पाहिलं. पाचच. घरात येणाऱ्या पाण्याचा दाब साडेतीन. बत्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईला एवढी वजाबाकी पुरेशी होती.

"एकहार्ट, पाणी उलटं जाऊ नये म्हणून झडप बसवलीस ना?"

"उलटं कशाला जाईल?" ओट्याखालून नवऱ्याचा आवाज आला. "चार मजले चढून आलेलं पाणी परत खाली उतरेल होय? मी तरी उतरतो का?"

तो उतरत नव्हता, हेच तर दुखणं होतं. श्टुटगार्टमधल्या त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. तीन वर्षं रोझविटा म्हणत होती, बहिणीच्या गल्लीत, लिफ्टच्या इमारतीत जाऊ. तीन वर्षं एकहार्ट म्हणत होता, "बघू. सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट मी वर आणतोय, तोवर हलायचं कारण नाही." बिनबुडबुड्यांचं पाणी त्याच्या लेखी फुलझाडांना घालायचं. मार्चमध्ये त्याचा गुडघा गेला. दुसऱ्या कुणी घर बदललं असतं. एकहार्टने घरातच सोडा करायचं ठरवलं. क्रेट उचलायला नको म्हणून क्रेटच्या दीडपट वजनाचं गॅसचं सिलिंडर त्याने दोन माणसं लावून वर चढवलं.

लिफ्टच्या इमारतीतलं घर आता रिकामं झालं होतं. मालकीणबाई रविवारी सहापर्यंत उत्तराची वाट बघणार होत्या. आज रविवार होता आणि चार वाजले होते.

एकहार्टने चावी फिरवली. पेल्यात पाणी फसफसलं. "घे!" तो म्हणाला. तेवढ्यात भिंतीतल्या नळीने मोठा ढेकर दिला.

पाच मिनिटांत दारावरची घंटा वाजली. तळमजल्यावरच्या हेबर्लेबाई अर्ध्या डोक्याला फेस आणि काखेत इमारतीची नियमावली घेऊन उभ्या होत्या.

"माझ्या शॉवरमधून सोडा येतोय! आणि तोही रविवारी!"

"नियमावलीत सोड्याबद्दल काही नाही," एकहार्ट म्हणाला.

"रविवारी आवाज करायचा नाही, असं आहे. माझा नळ फुत्कारतोय!"

त्यांच्या मागून दुसऱ्या मजल्यावरचे ब्रेनर आले. त्यांच्या हातात पेला होता.

"मी चव घेतली," ते गंभीरपणे म्हणाले. "बुडबुडे कमी आहेत."

"कमी?" हेबर्लेबाई गर्रकन वळल्या. "जास्त झाले की माझं पोट फुगतं. आहेत तेवढेच बरे."

"तुमच्या पोटासाठी आम्ही सपक पाणी प्यायचं का?"

नळ बंद करा, असं कुणीच म्हणेना. तासाभरात जिन्यात सगळी इमारत जमली. कुणी खुर्ची आणली, कुणी कागद. सोमवार, बुधवार, शुक्रवार कडक. बाकी दिवस सौम्य. दुपारच्या विश्रांतीत बुडबुडे बंद. हात वर झाले, सह्या झाल्या. व्यवस्थापक म्हणून एकहार्टची एकमताने निवड झाली. तो सुजलेल्या गुडघ्यावरही ताठ उभा राहिला.

"एक मिनिट," रोझविटा म्हणाली. "सोड्याचं पाणी आम्लधर्मी असतं. नळ्या तांब्याच्या आहेत. तांबं पाण्यात उतरेल. हे कुणी प्यायचं नाही."

हेबर्लेबाईंनी सह्यांचा कागद घडी घालून नियमावलीत ठेवला.

"ग्रोसबाई," ब्रेनर तिला समजुतीच्या सुरात म्हणाले, "ठराव झालाय हो आता."

रोझविटा आत गेली आणि तिने सिलिंडरची चावी घट्ट बंद केली. एकहार्ट लंगडत तिच्यामागे आला. त्याचा चेहरा कित्येक महिन्यांनी असा फुलला होता.

"झडप बसवतो उद्या, चिडू नकोस. पण पाहिलंस ना? इमारतीला माझी गरज आहे. आता कसं हलणार आपण? त्या घराचं बघू पुढे कधीतरी."

सहाला दहा मिनिटं कमी होती. रोझविटाने मालकीणबाईंना फोन लावला. दार उघडंच होतं. जिन्यातली माणसं कान देऊन उभी होती.

"नमस्कार. घर मी घेतलं," ती म्हणाली. "चाव्या उद्या सकाळी घ्यायला येते. दोघं राहणार की एकटी, ते यांचं ठरायचंय. माझं ठरलं."