सईदाबाईंचा सुलतान

गुरुवारी सकाळी गाडी येणार आणि पार्किंगमधली सगळी मांजरं कुवेत शहराबाहेर, जहरा गावाच्या पलीकडे वाळवंटात सोडून देणार, हा घरमालकीण सईदाबाईंचा हुकूम रखवालदार झहूरनं दारात उभं राहून सांगितला. त्या मांजरांना रोज खाऊ घालणाऱ्या मेधानं मळत असलेली कणीक तशीच सोडली.

"बघतेच कोण नेतो ते," ती म्हणाली.

"मेधा, आपण परक्या देशात आहोत," तिचा नवरा राजन म्हणाला. तेल कंपनीतला हा सेफ्टी इंजिनियर घरातही आधी बाहेर पडायचा दरवाजा शोधायचा.

"आपण परके. मांजरं तर इथलीच आहेत ना?"

तिनं थेट नाशिकला फोन लावला. तिची मैत्रीण क्षितिजा तिथल्या प्राणिमित्र संस्थेत डॉक्टर. परदेशातल्या संस्थांना व्हिडिओवरून शिकवणं हेच तिचं काम.

"हाकललीस तर त्यांच्या जागी नवी येतील," क्षितिजा म्हणाली. "नसबंदी करून परत तिथेच सोडायची. भांडणं बंद, पिल्लं बंद, मालकीणही गप्प. कुवेतमध्ये आमची जोडीदार संस्था आहे, ती पिंजरा देईल. तिथल्या शुवैख भागात त्यांचा दवाखाना आहे. फक्त मांजर अडकलं की पिंजऱ्यावर चादर टाक आणि उचलून बघू नकोस. अंधारात ती शांत राहतात."

त्या रात्री बांगड्याच्या वासानं पहिलं गिऱ्हाईक अडकलं. राजननं तोंड फिरवूनच चादर टाकली.

"जरा बघू तरी दे, कोण आहे."

"प्रोसिजर म्हणजे प्रोसिजर," राजन म्हणाला. नको तिथे याला शिस्त सुचते.

सकाळी दवाखान्यात झाकलेल्या पिंजऱ्यांची ही रांग. तिथल्या डॉक्टरांनी मांजराचं खानदान विचारलं नाही. नसबंदी केली, खूण म्हणून कानाचं टोक कापलं, झालं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये चादर निघाली आणि राजननं आधी बाहेरचा दरवाजा कुठे आहे ते पाहिलं. आत पांढराशुभ्र, गुबगुबीत बोका, एक डोळा निळा, एक पिवळा. सईदाबाईंचा सुलतान. हा गालिच्यावरून खाली उतरत नाही अशी त्याची ख्याती होती. दिवसभर त्याला शोधून दमलेल्या सईदाबाई तेवढ्यात समोर आल्या.

"मेरा बच्चा," त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. मग त्यांना कान दिसला. "घर खाली करो. कल."

राजन माफीचं इंग्रजी जुळवू लागला. मेधानं त्याला बाजूला सारलं.

"माफी कसली मागतोस? बाई, आपका बच्चा रात को इधर नीचे क्या करता था?" तिनं खांबामागचं खोकं पुढे ओढलं. आत चार पिल्लं. पांढरीशुभ्र, प्रत्येकाचा एक डोळा निळा, एक पिवळा. "जिनको आप वाळवंट में फेकनेवाली थी ना, वो आपके पोते हैं."

झहूर छताकडे बघू लागला. अंगावरचा काळा, पायघोळ अबाया सावरून सईदाबाई तिथेच फरशीवर बसल्या. एक पिल्लू त्यांच्या मांडीवर चढलं, दुसरं बाहीत शिरलं. मान वर न करता त्यांनी झहूरला गाडी रद्द करायला सांगितलं.

मग म्हणाल्या, "इसमें मेरा बहू कौन?"

मेधानं कोपऱ्यातली करडी मांजरी दाखवली. सईदाबाईंनी तिला नखशिखान्त न्याहाळलं.

"बहुत पतला है. तुम खाना नहीं देता?"

"घ्या, झालो आपण मुलीकडचे," राजन पुटपुटला. "आता तरी नमतं घे."

मेधानं ओढणी कमरेला खोचली.

"हमारी लडकी जैसी है वैसी अच्छी है. तुम्हारा लडका कामधंदा क्या करता है, वो पहले बोलो."