डबा रिकामा कसा पाठवायचा?

नवऱ्याचं वजन कसं उतरवायचं, ते मला विचारा! आमचे हे दोन महिन्यांत साडेसहा किलो उतरले. अख्ख्या महाडात माझ्याएवढी अनुभवी बाई सापडायची नाही. अनुभव नेमका कसला, ते तेवढं विचारू नका. बरं, सांगतेच.

आमचे हे, म्हणजे अरविंद, कोर्टात कारकून. सकाळी खुर्चीत बसले की संध्याकाळी उठतात. मधे उठलेच तर वडापावसाठी. शर्टाचं तिसरं बटण तर कायम राजीनामा हातात घेऊनच उभं! शेवटी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून सांगितलं, "साखर काठावर आहे. दोन महिन्यांत सहा किलो उतरवा, नाहीतर गोळी सुरू करू."

ह्यांच्या वडिलांचा पाय साखरेपायीच गेला होता. मी तिथल्या तिथे ठरवलं, गोळी नाही म्हणजे नाही!

दुसऱ्या दिवसापासून मूठभर भात, नाचणीची भाकरी, पालेभाजी आणि परसातल्या वेलाची काकडी. चहा बिनसाखरेचा. ह्यांनी एकच अट घातली.

"कुणाला सांगायचं नाही. कोर्टात मला डाएटवाले साहेब म्हणून जगू देणार नाहीत."

"नाही सांगत," मी म्हटलं. इथेच माती खाल्ली.

आठच दिवसांत पोलादपूरला भाच्याचा, बुद्धरत्नचा साखरपुडा. माझी धाकटी नणंद उज्वला मटणाचं पातेलं घेऊन थेट ह्यांच्या पानाशी.

"दादा, नळी काढून ठेवलीय तुझ्यासाठी!"

"नको गो. काकडी दे."

तुडीलच्या श्रीपतकाकांचा घास हातातच राहिला.

"अरविंदा, काय झालंय रे तुला?"

"काय नाय, काका," हे म्हणाले. पण म्हणताना त्या नळीकडे असं काही पाहिलं, जशी लेक सासरी निघालीय! ते डोळे पाहून उज्वलानं हंबरडाच फोडला. साखरपुड्यात रडारड म्हणून नवरीकडची माणसं उगाच आमच्यावर रागावली.

तिसऱ्या दिवशी श्रीपतकाका दारात. काखेत जिवंत गावठी कोंबडा.

"सूनबाय, याचा रस्सा पाज त्याला. अंगात ताकद नाय ऱ्हायली पोराच्या."

पोरगा त्रेपन्न वर्षांचा! पाठोपाठ पोलादपूरहून उज्वलाचे डिंकाचे लाडू आले. हे आजारी असल्याची बातमी महाडभर झाली, तशी बाजाराच्या पार पलीकडे राहणारी माझी शाळेतली मैत्रीण महरुन्निसा पायाचं सूप आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आली. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कोण येतं?

"अहो, सांगून टाकू का खरं?"

"दोन महिने थांब!"

थांबले. कोंबडा सोडून आलेलं सगळं मी ह्यांच्यापासून लपवलं. पण लपवलेलं अन्न टाकणार कसं? एक लाडू सकाळी, एक दुपारी, खराब होऊ नये म्हणून. सूप तर काय, पाण्यासारखंच!

राहता राहिले डबे. आलेला डबा रिकामा परत पाठवायची आमच्यात रीत नाही. एकात नारळाच्या वड्या भरल्या, दुसऱ्यात शिरा, तिसऱ्यात गूळ घालून शेवया. करताना चव बघावीच लागते. नीट कळली नाही तर परत बघावी लागते. डबे पोचवायला मात्र मी ह्यांनाच पिटाळायचे.

"रिक्षा करायची नाही! चालत जा, तेवढाच व्यायाम."

हे बाजारापलीकडे महरुन्निसाकडे चालत जायचे, तिथून तुडीलचे आणि पोलादपूरचे डबे द्यायला एसटी डेपोत. पहिल्याच दिवशी महरुन्निसाचा फोन.

"मंजुळा, अरविंदभाऊ स्वतः आले गं! घामानं निथळत होते. सगळ्यांना एकदा भेटून घेतायत का?" आणि ती रडायलाच लागली. तिच्या नवऱ्यानं, अजमलभाईंनी, खजुराचं अख्खं खोकं ह्यांच्या काखेत दिलं.

एक डबा गेला की दोन यायचे. महिन्याभरात सहा डबे फेऱ्या मारायला लागले. एसटीला जमलं नसतं असं वेळापत्रक! कोंबडा कापायला तर ह्यांचा जीव होईना. तो पहाटे पाचला बोंब ठोकायचा आणि हे उठून चवदार तळ्याकडे फिरायला जायचे. मी मात्र स्वयंपाकघरात. सहा डबे भरायचे म्हणजे चालायला वेळ कुठला?

दोन महिने भरले. दवाखान्यात हे काट्यावर उभे राहिले. साडेसहा किलो कमी! साखर रेषेच्या आत!

"शाब्बास!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणी करून घेतलं हे?"

"मी!" म्हणत मी ऐटीत पुढे झाले. त्यांनी चष्म्यावरून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मंजुळाताई, आता तुम्ही उभ्या राहा बघू."

काट्यानं दगा दिला. पाच किलो जास्त! रक्त तपासलं, तर माझी साखर काठावर.

"तुम्ही काय खाता हो?"

"मी? मी कुठे काय खाते! ह्यांचंच खाते."

येताना रिक्षा समोर उभी असून आम्ही चालत निघालो. हे हळूच म्हणाले, "उद्या कोंबडा आरवला की दोघं निघू. आता मी बघतो तुझ्याकडे." मला एकदम भरून आलं. पदरानं डोळे पुसले, तर पदराला शिऱ्याचा वास!

घरी येऊन ह्यांनी सगळ्यांना फोन लावले. "मी ठणठणीत हाय! डाएट होतं ते. आता हिचं सुरू."

"अरे दादा, फुकट रडवलंस रे आम्हाला!" उज्वला पलीकडून ओरडली.

तिचा एक डबा अजून आमच्याकडे होता. त्यात चार मोठ्या काकड्या भरून पाठवल्या आणि फोनवर बजावलं, "आता गोडधोड बंद गो. द्यायचंच तर काकडी दे."

दुसऱ्या दिवशी डबा परत. चांगलाच जड. उघडते तर माझ्याच चार काकड्या किसून, गूळखोबरं घालून, तुपात खरपूस भाजलेलं धोंडस! वर उज्वलाचा फोन.

"वहिनी, काकडीचंच हाय!"

तूप जरा कमी पडलंय तिचं. मी फक्त चव बघितली हो.