हलक्या पान्याचं वजन

मानवी प्रगतीचा इतिहास हा आपलं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर टाकण्याचा इतिहास आहे. आमच्या बस-वर्कशॉपात हा दुसरा खांदा बरीच वर्षं उस्तादांचा होता. उस्ताद म्हणजे आमचे सर्वांत जुने मेकॅनिक. बस वर उभी, उस्ताद खाली खड्ड्यात, हात डोक्याच्या वर आणि हातात लोखंडी पाना, या आसनात त्यांची निम्मी हयात गेली. अखेर खांद्यानेच संप पुकारला. शर्टाची उजवी बाही वहिनींना चढवून द्यावी लागू लागली. डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करा." उस्तादांनी इमानेइतबारे गोड सोडलं, रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं. पँट सैल झाली, खांदा होता तसाच. मग वहिनी स्वतः जाऊन विचारून आल्या, तेव्हा कळलं की वजन हातातल्या वस्तूचं कमी करायचं होतं.

मामला गंभीर होता. खड्ड्यात उतरता आलं नाही, तर उस्तादांना गेटवर बसवणार हे ठरलेलं. "गाड्यांची नुसती तोंडं बघत बसायला मी काय पाहुणा आहे?" असं ते ज्याला त्याला विचारत.

व्यवस्थापनाने तातडीने भारमुक्ती समिती नेमली. (तातडीने म्हणजे दोन उन्हाळ्यांच्या आत.) सदस्य-सचिव या नात्याने मी कार्बन फायबरच्या पान्यांची शिफारस केली. दांडा कार्बन फायबरचा, नटाला भिडणारं तोंड तेवढं पोलादाचं. तोंड भक्कम आणि बाकी अंग हलकं, ही रचना समितीच्या सर्व सदस्यांना आपलीशी वाटली.

पाना हातात घेऊन उस्ताद म्हणाले, "हा पाना आहे की कंगवा?" आणि खड्ड्यात उतरले. जेवायची सुट्टी झाली तरी वर येईनात. पुढच्याच आठवड्यात त्यांनी बाही स्वतःची स्वतः चढवली. वहिनींनी मला रस्त्यात गाठून सांगितलं, "भाऊजी, तुमच्यामुळे माणूस झोपायला लागला हो." मला फार बरं वाटलं. सरकारी कामात असं वाटण्याची सवय नसते.

तक्रारी आल्याच. पाना हे केवळ नट फिरवण्याचं साधन आहे, हा बाहेरच्या लोकांचा गैरसमज. आमच्या पाहणीनुसार पान्याचा चाळीस टक्के वापर नट फिरवायला, तीस टक्के ठोकायला, वीस टक्के काहीतरी उचकटायला आणि दहा टक्के पाठ खाजवायला होतो. नव्या पान्याने ठोकलं तर तो वाकून इशारा देत नाही, मुकाट्याने तडकतो. पाठ खाजवण्यात मात्र तो सरस ठरला. समितीने ठोकण्यास मनाई करून वेगळा हातोडा दिला, आणि प्रश्न मिटला.

मग एक मेकॅनिक खिशात पाना ठेवून चुकून घरी गेला. खिसा जड लागला नाही, म्हणून ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तो आपणहून परत आणला, आणि तिथेच संशयाला जागा झाली. स्टोअरकीपर म्हणाला, "लोखंडी पाना खिशात असला की चोराची पँटच त्याला पकडून देते. ह्याला कोण पकडणार?"

बिनतोड मुद्दा होता. प्रत्येक पान्याला साखळी आणि साखळीला कुलूप लावण्यात आलं. साखळीही हलकी घ्यावी, अशी एक सूचना आली, पण हलकी साखळी म्हणजे हलक्या प्रतीची साखळी, असा शेरा मारून वरिष्ठांनी ती फेटाळली. सबब साखळी लोखंडी, कुलूप पितळी. पाना डोक्यावर उचलला की साखळी-कुलूपही सोबत उचलावं लागे. पान्याच्या वजनात मात्र तिळमात्र वाढ झाली नाही, हे मी अहवालात ठळक अक्षरांत नमूद केलं आहे.

उस्ताद माझ्या टेबलाशी आले. "साहेब, साखळी तेवढी काढा. मी पाना कुठे पळवणार? घरात ढिला म्हणाल तर माझा खांदाच आहे, आणि तो काय ह्या मापात बसत नाही."

मी हसलो. तेही हसले. मग मी त्यांना नियम समजावून सांगितला. दुसऱ्या दिवसापासून बाही पुन्हा वहिनी चढवू लागल्या.

समितीने पाना साखळी सोडवून तोलला. वजन प्रमाणात निघालं. पाना निर्दोष, अर्थात दोष खांद्यात, आणि त्यावरचा उपाय आपल्या भाषेतच तयार होता: खांदेपालट. "उस्तादांना सर्व भारांतून मुक्त करून गेटवर नेमण्यात येत आहे," असा आदेश निघाला. भारमुक्ती शंभर टक्के झाल्याबद्दल समितीचा सत्कारही झाला.

वाचकहो, इथवर आल्यावर, असे पाने घ्यावेत की नाही, हाच प्रश्न तुमच्या मनात घोळत असणार. समितीलाही शेवटपर्यंत तोच एक प्रश्न पडला होता. म्हणून पुढच्या समितीवर मी तुमचंच नाव सुचवलं आहे. (खांद्याचं पुढे काय झालं, असं विचारणाऱ्यांना आम्ही समितीवर घेत नाही.) बैठकीला वेळेवर या. गेट उस्ताद उघडतील, डाव्या हाताने.