तरंगती नळी

"मोनिका, लिहून ठेव! या खेपेला माझी रायफल सुईच्या नेढ्यातून गोळी काढणार!" मुकुंदवाडीच्या घरात विश्वजीतनं बायकोला ठणकावून सांगितलं.

"काढा की. आधी गिझर दुरुस्त करा," मोनिका म्हणाली.

आवाज मोठा होता, पण रायफलच हातची जायची वेळ आली होती. रायफल मूळची आबांची. आबा म्हणजे त्याचे वडील कारभारी, पैठणकडचे शेतकरी. त्यांनी ती रीतसर लेकाच्या नावावर करून दिली होती, आणि लेक रायफल क्लबात जाऊन दरवर्षी संघाबाहेर राहत होता! शेवटी आबांनी फोनवर निकालच लावला. "ह्या रविवारी संघात नाव नाय आलं, तर बंदूक इकून टाकायची. खुंटीला टांगाया नाय दिली!" विश्वजीतचा त्या रायफलवर लई जीव. मोनिका म्हणायची, बघायला आले तेव्हा माझ्याकडंसुद्धा इतकं टक लावून बघितलं नव्हतं यांनी.

अशात त्याला एक व्हिडिओ सापडला. गोळी सुटताना नळी थरथरते म्हणे. खालचं लाकूड तिला टेकलेलं असलं की ते तिला ढकलतं, अन् नेम बोंबलतो. म्हणून नळी मुळाशी घट्ट बसवायची आणि पुढं सगळी मोकळी ठेवायची. लाकडाला कुठंच टेकता कामा नये. हीच ती तरंगती नळी!

मग काय! पठ्ठ्यानं लाटण्याला पॉलिश पेपर गुंडाळला आणि लाकडाची खाच घासायला बसला. सोफ्यावर भुसा, डोक्यावर भुसा, वरणातसुद्धा भुसा!

"अहो, माझं लाटणं!"

"खेळासाठी थोडा त्याग कर गं!"

नळी परत बसवून त्यानं मधल्या फटीत कागदाची पट्टी घातली. सर्रकन मुळापर्यंत गेली! मग काय विचारता, दूधवाल्यालासुद्धा थांबवून त्यानं पट्टी सरकवून दाखवली.

खंडेनवमीला आबा आणि आई मंजुळाबाई एसटीनं आले. शस्त्रपूजा म्हणजे आबांच्या जिव्हाळ्याचा विषय. रायफल पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. विश्वजीत आपट्याची पानं आणायला बाजारात गेला, येईस्तोवर आबांनी बंदूक घासूनपुसून लख्ख केली होती. विश्वजीतनं ती कौतुकानं कपाटात ठेवली. दसरा झाला, आईआबा गावी गेले.

रविवारी संघाच्या निवडीसाठी क्लबात प्रशिक्षक सुदर्शन सर आणि झाडून सगळे नेमबाज जमले. विश्वजीत छाती फुगवून पुढं आला. "सर, आता बघा गंमत! नळी तरंगती केलीय!" त्यानं खिशातून पट्टी काढली आणि फटीत घातली.

पट्टी शिरेना! उलटी घातली, तिरकी घातली. छे! डोळा लावून बघितलं, तर नळी आणि लाकूड यांच्यामधली फट टोकापासून मुळापर्यंत दगडासारखी गच्च भरलेली! विश्वजीतनं तिथूनच गावी फोन लावला.

"आबा, बंदुकीला काय केलं?"

"अरे, ही एवढी फट पडली व्हती! उन्हानं लाकूड आकसलं असंल. मुंग्या शिरतील, पाणी मुरंल, म्हणून एमसील भरलं अन् वरून तेलाचं बोट फिरवलं. हिरीवरच्या पायपाला बी तेच लावलंय, थेंब गळत नाय!"

"मला सांगायचं तरी!"

"तुला काय सांगायचं? तुझं ध्यान तरी हाय का बंदुकीकडं?"

तेवढ्यात नावाचा पुकारा झाला. गेली रायफल! विश्वजीत रडवेला होऊन नेम धरायला चटईवर पालथा पडला. सरावाची पहिली गोळी थेट वरच्या डाव्या कोपऱ्यात. दुसरी तिला खेटून. तिसरी तर त्याच भोकातून पार! त्यानं डोळे चोळले. नेम चुकत होता खरा, पण दर वेळी एकाच जागी चुकत होता! एमसीलनं गच्च धरलेली नळी थरथरतच नव्हती! त्यानं घाईघाईनं नेम धरायच्या साइटचे स्क्रू फिरवून नेम मधोमध आणला आणि देवाचं नाव घेतलं. मग एकामागून एक गोळ्या मधोमध बसायला लागल्या.

संघाची यादी वाचून झाली. अगदी शेवटचं नाव विश्वजीतचं! त्याला हुंदकाच फुटला. तो तिथंच चटईवर बसला आणि रायफल त्यानं तान्ह्या लेकरासारखी मांडीवर घेतली. वाचलो रे देवा! सगळे भोवती जमले, कुणी पाठ थोपटली, कुणी आपल्या बंदुकीची फट तपासायला पट्टी मागून घेतली. त्यानं फोन स्पीकरवर टाकला.

"आबा, नाव आलं! आता नाय ना इकायची?"

"इकायची कशाला? येडा हाईस का?" आबा फोनमधून गरजले. "अन् आईक. तुझ्या त्या सायबांच्या अन् बाकीच्यांच्या बी बंदुका घेऊन ये. कुठं फट असंल तर आजच बुजवून देतो. माल लई उरलाय!"

सुदर्शन सरांनी आपली परदेशी रायफल गपचूप पेटीत घातली, कुलूप लावलं आणि वर स्वतःच बसले.